वाडीतलं शाफ्टचं दुकान: आधी तपासतात, मग पाना लावतात

नागपूरच्या अमरावती रोडला वाडीत ट्रकच्या गॅरेजांच्या रांगेत हे दुकान आहे. पाटीवर नाव नाही, नुसतं 'जॉइंट शाफ्ट, क्रॉस, बॅलन्सिंग' एवढंच रंगवलंय. शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकांकडे नेणारी फिरती नळी, क्रॉस म्हणजे तिच्या टोकाचा वळणारा सांधा. जुनी गाडी वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं ठिकाण आहे.

माझ्याकडे महिंद्राची सीजे थ्री-बी जीप आहे. हरिकेन पेट्रोल इंजिन उंच म्हणून बॉनेटही उंच, तीच. शोभेची नाही, कोंढाळीकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत रोजची लागते. छोट्या गिअरबॉक्सचं (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणारा) ऑइल सील गळत होतं म्हणून शहरातल्या एका गॅरेजात दिली. सील झालं, पण घरी आणताना ४५ च्या पुढे फ्लोअर थरथरायला लागला. ५५ ला आरशात मागचा ट्रक एक आहे की दोन, कळेना. त्याच गॅरेजने आधी चाकांचं बॅलन्सिंग केलं, मग इंजिनचे फाउंडेशन रबर बदलले, आणि शेवटी "मॅडम, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच" म्हणून हात झटकले. पैसे अर्थात तिन्ही वेळचे नीट घेतले.

वाडीच्या उस्तादांनी जॅकला हातच लावला नाही. शेजारी बसले आणि म्हणाले, "चालवा ताई." ५५ ला गाडी न्यूट्रल करायला लावली. इंजिन आयडलवर आलं, थरथर तशीच. म्हणजे इंजिन, क्लच, फाउंडेशन सगळं बाद. मग त्यांनी फ्लोअरवर तळहात टेकवला आणि म्हणाले, ही चाकाची चाल नाही, फार बारीक आहे. हिशोब सोपा आहे: ६० च्या वेगाला जीपचं चाक मिनिटाला साधारण ४५० फेरे घेतं, पण हाउसिंगचा (चाकांमधल्या अ‍ॅक्सलच्या गिअरांचा) रेशो ५.३८ असल्याने शाफ्ट २४०० च्या आसपास फिरतो. चाकाचा दोष स्टिअरिंगला डुलवतो, शाफ्टचा दोष बुडाखाली गुणगुणतो.

परत आल्यावर पुढचा शाफ्ट काढून पुन्हा रस्त्यावर पाठवलं. माझ्या जीपला फ्री-व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारी सोय) नाहीत, त्यामुळे फोर-व्हील टाकलेलं नसलं तरी पुढचा शाफ्ट चाकांबरोबर फिरतच असतो. तो काढूनही थरथर कायम, मग दोषी मागचाच.

"बॅलन्सिंग करायचं ना?" मी विचारलं. उस्ताद म्हणाले, "बॅलन्सिंग कायले? आधी बाण पाहू द्या."

मागचा शाफ्ट बाकावर आला. स्लिप जॉइंटवरचा (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा दातेरी सांधा) काळा ग्रीस आणि रंगाचा थर डिझेलच्या चिंधीने पुसला, तेव्हा नळीवर एक बारीक ठोकलेला बाण दिसला आणि योकवर, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या दुहेरी टोकावर, दुसरा. दोघे समोरासमोर हवेत, इथे एक-दोन दात सरकलेले. गॅरेजवाल्यांनी सील बदलताना जॉइंट ओढून वेगळा केला आणि बसेल तसा बसवला. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. पलीकडचा क्रॉस तेच उलट करून हिशोब मिटवतो, पण दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील तरच. नाहीतर दोन्ही मिळून हादरे वाढवतात. असा शाफ्ट तुम्ही मशीनवर कितीही बॅलन्स करा, गाडीत थरथरणारच.

त्यांचं समाधान तेवढ्यावर झालं नाही. मागचा क्रॉस हाताने वळवला तर एका बाजूला अडत होता. क्रॉसच्या टोकावरचा बेअरिंगचा कप काढला, तर एक सुईसारखा रोलर आडवा पडून तळाशी चेपलेला. त्यामुळे कप पूर्ण आत गेलेला नव्हता आणि कप धरून ठेवणारं लॉक खाचेत अर्धवट अडकलं होतं, म्हणजे शाफ्ट मधोमध फिरतच नव्हता. असं लॉक रस्त्यात सुटलं असतं तर काय झालं असतं, ते उस्तादांनी सविस्तर सांगितलं. मला ऐकायचं नव्हतं. नवा क्रॉस बसवला, नळीला डायल गेज लावून वाक तपासला, काटा जेमतेम हलला. बॅलन्सिंगची गरज नाही म्हणाले आणि त्याचे पैसे लावले नाहीत. क्रॉस, ग्रीस, मजुरी मिळून १८०० रुपये.

आता ७० पर्यंत गाडी शांत आहे. त्यापुढे थोडं गुरगुरते, पण जीप ७० च्या पुढे नेणाऱ्याने दुसरी गाडी घ्यावी.

तक्रारी आहेत. ट्रक आला की तुमचा नंबर मागे जातो. माझी जीप शाफ्टविना उभी ठेवून दोन टिप्परवाल्यांचं काम आधी केलं. बसायला खुर्ची नाही, बायकांसाठी सोय नाहीच, पक्कं बिल मागितलं तर वहीचं पान फाडून देतात. नागपूरच्या मे महिन्यात त्या पत्र्याखाली उभं राहणं म्हणजे शिक्षा, तेव्हा सकाळी दुकान उघडताच पोचा. आणि दुसऱ्या कुणाकडे शाफ्ट उतरवणार असाल, तर आधी स्वतःच्या हाताने स्लिप जॉइंटवर आणि दोन्ही फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकत्या) पांढऱ्या रंगाच्या खुणा करून ठेवा.