चहाने जुनवलेले प्रिंट: सहा महिन्यांनंतर काय टिकलं, काय गेलं

लाकडी पेटी, ट्रे, काचेच्या बरण्या आणि भिंतीवरची फ्रेम. चहात भिजवून जुनवलेले छापील कागद या सगळ्यांवर लावून सहा महिने झाले. पेटी आणि फ्रेम उत्तम आहेत. ट्रे पुन्हा करावा लागला, पण त्यात चहाचा दोष नव्हता.

खरा निकाल प्रिंटरवर ठरतो. लेझर प्रिंटमधला टोनर उष्णतेने वितळून कागदावर बसलेला असतो, त्यामुळे तो पाण्यात हलत नाही. साध्या इंकजेटची डाय शाई मात्र ओल लागताच पसरते आणि अक्षरांभोवती जांभळट धुकं उठतं. इंकजेटच हाताशी असेल, तर आधी कोरा कागद चहात रंगवा, पूर्ण वाळवून सपाट करा आणि मग त्यावर छापा. फोटो पेपर घेऊच नका, त्याच्या लेपामुळे चहा नीट मुरत नाही. ८० ते १०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचा) साधा कागद पुरतो.

पाव लिटर पाण्यात दोन मोठे चमचे चहा पावडर पाच मिनिटं उकळा, झाकून पंधरा मिनिटं ठेवा आणि फडक्यातून गाळून गार करा. दूध-साखर अजिबात नको; कागद चिकट होतो, मुंग्या येतात, बुरशी धरते. प्लास्टिकच्या किंवा स्टीलच्या पसरट ताटात कागद तीन ते पाच मिनिटं बुडवा. लोखंडी ताट किंवा गंजकी पिन वापरली, तर चहातल्या टॅनिन या तुरट द्रव्याची लोहाशी क्रिया होऊन करडे-काळे डाग पडतात, आणि ते निघत नाहीत. ओला रंग फसवा असतो, वाळल्यावर बराच फिका होतो. म्हणून आधी एका पट्टीवर चाचणी घ्या. गडद छटेसाठी जास्त वेळ भिजवण्यापेक्षा वाळवून दुसऱ्यांदा बुडवणं बरं, कारण जास्त वेळ भिजलेला कागद उचलतानाच फाटतो.

कागद आडवा वाळवा. दोरीवर टांगला तर चहा खाली ओघळतो आणि एकच कड काळी पडते (कुणाला तेच आवडतं म्हणा). सुरकुत्या मंद इस्त्रीने जातात, पण मध्ये बटर पेपर हवाच, नाहीतर टोनर मऊ होऊन इस्त्रीला चिकटतो.

आता सगळ्यात जास्त कागद वाया घालवणारी पायरी. पांढऱ्या गोंदातलं पाणी वाळलेला चहा पुन्हा सोडवतं आणि पाणी जिथे थांबतं तिथे तपकिरी रेघ उमटते. उपाय म्हणजे चिकटवण्याआधी पारदर्शक अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे पुढून दोन आणि मागून एक हलका हात. मग गोंदाचा पातळ थर वस्तूला लावा, कागद ठेवा आणि मधून कडांकडे दाबत हवा काढा.

ट्रेवर वरून पाण्यात मिसळणारं वॉर्निश होतं. गरम कपाखाली ते मऊ झालं आणि पांढरी वर्तुळं उमटली. दुसऱ्या खेपेला पॉलियुरेथेनचे (हे जास्त टणक वॉर्निश) तीन हात दिले, प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवला आणि ट्रे दोन आठवडे न वापरता ठेवला. आता वर्तुळं पडत नाहीत. तेलाच्या पॉलियुरेथेनने कागद अजून पिवळसर दिसतो, म्हणून चहा एक छटा फिका ठेवावा.

बरण्यांच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवा. काच ओल शोषत नाही, त्यामुळे गोंद वाळायला वेळ लागतो आणि कडा आधी सुटतात. कडांवर वॉर्निश काचेवर दोन-तीन मिलिमीटर उतरवलं, तर बरण्या ओल्या फडक्याने पुसता येतात. धुता मात्र येत नाहीत. थेट उन्हात ठेवलेल्या बरणीवरचा चहाचा रंग उडाला, सावलीतल्या फ्रेमचा जसाच्या तसा आहे.