कातून बनवायच्या पेनासाठी पाइनचा शंकू की मक्याचं कणीस?
खर्चात कणीस सरळ जिंकतं. दाणे काढून कडक वाळवायचं, पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद (सुपरग्लू) मुरवायचा, की लेथवर (कातायच्या यंत्रावर) चढवायला तयार. मधला मऊ गाभा पेनाच्या आतल्या पितळी नळीसाठी भोक पाडतानाच निघून जातो.

शंकूला मेहनत जास्त. खवल्यांमध्ये पोकळ्या असतात, म्हणून शंकू साच्यात ठेवून रेझिन (घट्ट होणारं द्रव प्लास्टिक) ओतायचं. बुडबुडे दाबायला प्रेशर पॉट (हवेचा दाब देणारं बंद भांडं) लागतो. आधी ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवणं मुळीच टाळू नका, ओल राहिली तर पॉलियुरेथेन रेझिन फेसाळतं. पण कातल्यावर खवल्यांच्या तपकिरी कमानी रंगीत रेझिनमधून उमटतात, ते पाहण्यासारखंच! टिकायलाही रेझिनचं कवच भक्कम.

कातताना दोन्हींचे टवके उडतात. धारदार हत्यार, हलका हात आणि संरक्षक चष्मा हवाच.

नवशिक्यांनी कणीस घ्यावं. भेट द्यायचं किंवा रोज खिशात वागवायचं पेन असेल, तर शंकूच.