थंड वाकवलेला पाइप की भट्टीतून काढलेला?

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये ३०४ या जातीच्या स्टेनलेस पोलादी पाइपाचे दोन तुकडे आहेत. एक थंडच वाकवलेला. दुसरा वाकवून १०५० अंशांना तापवला, लगेच पाण्यात बुडवून गार केला. चुंबक लावा: पहिल्याच्या बाकाला हलकासा चिकटतो, दुसऱ्यावरून घसरतो. थंड वाकवताना पोलादाची घडणच बदलते.

पहिला स्वस्त, कडकही जास्त. पण तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांसारख्या उकळत्या पाण्याच्या भट्टीत पाणी सुमारे २८८ अंश असतं. तिथं गंज वरवर दिसत नाही. धातूच्या कणांच्या सीमेवरून बारीक तडा आत सरकतो, पाण्यातला ऑक्सिजन त्याला बळ देतो. कमी कार्बनचं ३१६एल जातीचं स्टेनलेससुद्धा जास्त थंड काम झालं, म्हणजे न तापवता फार वाकवलं-दाबलं, की तडकू शकतं.

मी दुसराच निवडेन, तापवून माप थोडं हललं तरी. आणि नंतर त्यावर ग्राइंडर जोरात चालवू देणार नाही; तेही थंड कामच.