भडंगाचा भाव: खर्चावर टक्के की विक्रीवर?

विश्रामबागच्या वहिनी घरी भडंग करतात. एका दुकानदाराने माल मागितला आणि भाव काढताना त्या अडल्या. समजा, किलोचा खर्च 200 रुपये. यात चुरमुरे, शेंगदाणे, तेल, मसाला, गॅस, पिशवी आणि त्यांची स्वतःची मजुरीही आली. (मजुरी बहुतेक जणी धरतच नाहीत!)

हिशेबाला खर्चावर 40 टक्के नफा धरणे सोपे. 200 वर 80, भाव 280. शेंगदाणा महागला तरी नवा भाव तोंडी निघतो. विक्रीवर 40 टक्के म्हणजे विक्रीभावातले 40 टक्के नफा आणि उरलेले 60 टक्के खर्च; म्हणून 200 भागिले 0.60, साधारण 333, सोयीसाठी 335 धरू. इथे कॅल्क्युलेटर लागतो.

खरा फरक दुकानात कळतो. दुकानदार विक्रीभावावर 20 टक्के घेतो. 280 मधले 56 त्याचे, वहिनींना उरले 24. भाव 335 ठेवला तर त्याचे 67 जाऊन 68 राहतात. गिऱ्हाईक 335 देईल का, हा प्रश्न आहेच; नसेल देत तर दुकानाचा नाद सोडावा.

ओळखीत, घरूनच विकायचं असेल तर खर्चावरचे टक्के पुरेत. मध्ये दुकानदार किंवा डिलिव्हरी ॲप असेल तर विक्रीवरचेच धरा.