रेससाठी हलकी ट्यूबलेस रिम: अ‍ॅल्युमिनियम, कार्बन की बिनटेपची?

माउंटन बाइकच्या रेसची चाकं घ्यायची ठरली की आधी उघडला जातो तो वजनाचा तक्ता. उघडा, पण त्यात फार वेळ घालवू नका. २९ इंची क्रॉस-कंट्री (चढ-उताराच्या पायवाटांवरच्या शर्यतीच्या) रिममध्ये चांगली अ‍ॅल्युमिनियमची ४०० ग्रॅमच्या आसपास बसते, हलकी कार्बनची ३५०च्या आसपास. त्याहून हलक्याही मिळतात, त्यांचं नंतर बोलू. म्हणजे जोडीमागे फरक शंभरेक ग्रॅमचा. परिघावरचं वजन वेग घेताना फार तर दुप्पट जाणवतं, आणि एका लयीत चढ चढताना तर ते फ्रेमवरच्या वजनाएवढंच असतं. शंभराचे दोनशे धरले तरी अर्धी भरलेली पाण्याची बाटली त्याहून जड. शिवाय एकाच नावाच्या दोन टायरमध्ये चाळीस-पन्नास ग्रॅमचं अंतर मी काट्यावर पाहिलंय. रिमवर वाचवलेलं तिथे गुपचूप परत येतं.

रुंदीचा वाद तर आता मिटल्यात जमा आहे. २.२५ ते २.४ इंची टायरला आतून २५ ते ३० मि.मी. रुंद रिम हवी, त्यातली कुठलीही चालते. मला २.३५च्या टायरखाली ३० जरा जास्त वाटते. टायर चौकोनी बसतो आणि वळणात कडेच्या गुट्ट्या (टायरवरचे रबरी उंचवटे) अचानक लागतात. ज्यांना ३०च हवी त्यांच्याशी मात्र मी भांडणार नाही.

आता मुद्द्यावर येऊ. पर्याय तीन: स्पोकच्या भोकांतून हवा जाऊ नये म्हणून आतून टेप लावून वापरायची हलकी अ‍ॅल्युमिनियम रिम, टेप लावूनच वापरायची हलकी कार्बन रिम, आणि टायरकडच्या बाजूला स्पोकची भोकंच नसलेली, म्हणून बिनटेपची रिम. तिन्ही मी रेसला वापरल्या आहेत.

अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. स्टॅन्स नोट्यूब्सने २००१च्या सुमारास साध्या टायरला ट्यूबलेस करण्याचा जो मार्ग दाखवला, त्यातून पुढे ठेंगण्या काठाच्या रिम आल्या. काठ ठेंगणा असल्याने टायर फुग्यासारखा आत न चिमटता बाहेर मोकळा फुगतो आणि कमी हवेतही बीड (रिममध्ये बसणारी टायरची ताठ कड) जागा सोडत नाही. क्रेस्ट, आर्च, फ्लो ही त्यांच्या रिमची नावं, हलकीकडून भक्कमकडे, या खेळात कोणाला सांगायला नकोत. पुढे क्रेस्ट आणि मागे आर्च अशी जोडी लावणारे बरेच आहेत, आणि ते शहाणपणाचं आहे, कारण दगडावर आपटतं ते मागचं चाक. काठ चेपला तर पान्याच्या जबड्यात धरून हळूच सरळ करता येतो आणि त्याच दिवशी रेस पुरी होते. तोटा असा की या हलक्या रिमचा आउट (चाकाचा डुगडुगता वाकडेपणा) काढत राहावा लागतो. स्पोक फार ताणूनही चालत नाही, कारण रिमच तेवढा ताण सोसत नाही. वजनदार रायडरने सर्वांत हलकी अ‍ॅल्युमिनियम रिम मागच्या चाकाला घेऊच नये, असं माझं मत आहे.

कार्बनचं चाक एकदा नीट बांधलं की आउट काढायची वेळ क्वचितच येते. सॅडलवरून उठून जोर लावला की चाक लगेच पुढे सरकल्यासारखं वाटतं. हे खरंच घडतं की डोक्यात घडतं, मला सांगता येणार नाही, पण वाटतं खरं. हुक (टायर अडकवणारा आत वळलेला कंगोरा) नसलेले जाड, सपाट काठ आल्यापासून टायर काठावर चिरला जाण्याचं प्रमाणही माझ्यापुरतं तरी घटलं आहे. उलट दगड-मुळांनी भरलेल्या उतारावर उंच, ताठ कार्बन रिम हातांना ठोकत राहते. कंपन्यांनाही हे कळलेलं दिसतं. झिपने २०१९मध्ये थ्रीझीरो मोटो ही एकाच भिंतीची, मुद्दाम किंचित पिळवटू देणारी रिम आणली ती याचसाठी. (ती क्रॉस-कंट्रीच्या मानाने जड आहे, पण विचार पटण्यासारखा आहे.) आणि ३०० ग्रॅमच्या आतबाहेरच्या ज्या कार्बन रिम असतात, त्या ज्यांच्यामागे सुटी चाकं घेऊन कोणी उभं असतं त्यांच्यासाठी. कार्बनचा काठ सहसा चेपत नाही. तो एक तर धड असतो, नाहीतर गेलेला असतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग कार्बनच घ्यावी की. मीही तिकडेच झुकलो होतो. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच होती आणि तिनेच माझा निर्णय केला: टेप.

टेप लावणं अवघड नाही. अल्कोहोलने रिम पुसायची, आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मि.मी. रुंद टेप घ्यायची, ओढून ताणून बसवायची, व्हॉल्व्हच्या भोकापाशी दोन्ही टोकं एकमेकांवर यायला नकोत एवढं पाहायचं. कापून भोक पाडलं तर चीर पुढे पळते, म्हणून तापवलेल्या टोच्याने पाडायचं. एवढं केलं की चाक हवा धरतं. धरतं, पण टायर बदलेपर्यंत. रेस करणारा माणूस टायर फार बदलतो. कोरडी पायवाट असेल तर एक, आदल्या रात्री पाऊस पडला तर दुसरा. घट्ट टायर काढताना लिव्हरचं (टायर उचकटायच्या पट्टीचं) टोक किंवा टायरचा बीडच टेपची कड एखाद्या मिलिमीटरने उचलतो. डोळ्यांना काही दिसत नाही. हवा भरली की टायर टणटण आवाज करत बसतो, आपण खूश होऊन झोपायला जातो आणि सकाळी अंगठ्याने दाबलं तर टायर मऊ.

आता गळती शोधा. साबणाचं पाणी घेऊन बसलात की बुडबुडा येतो तो व्हॉल्व्हपाशी. म्हणून व्हॉल्व्ह आवळता. मग तो येतो एखाद्या निपलमधून (स्पोक रिममध्ये आवळणाऱ्या छोट्या नटातून), नाहीतर रिमच्या सांध्यातून. कारण रिम आतून पोकळ आहे. टेप जिथे सुटली तिथून हवा त्या पोकळीत शिरते आणि पोकळीतून जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडते. बुडबुडा दाखवतो ती जागा आणि दोषाची जागा यांचा काही संबंध असेलच असं नाही. शेवटी पूर्ण टेप काढायची, चिकट सीलंट (बारीक छिद्रं बुजवायला टायरमध्ये ओतलेला द्रव) खरवडायचं, रिम वाळवायची, पुन्हा पहिल्यापासून. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी हे करून पाहा, वजनाच्या तक्त्यावरचं प्रेम किती टिकतं ते कळेल.

त्या पोकळीत हवेमागोमाग सीलंटही जातं. अमोनिया असलेलं सीलंट अ‍ॅल्युमिनियमच्या निपलला खातं. कार्बन रिममध्ये तर कार्बन, अ‍ॅल्युमिनियम आणि ओल एकत्र आली की निपल अधिकच लवकर कुजतात. एक दिवस आउट काढायला चावी फिरवावी तर निपलचं डोकं हातात येतं, आणि ते बदलायला पुन्हा टेप काढावी लागते. कार्बन घेणारच असाल तर निपल पितळेचे घ्या; चाकामागे वीसेक ग्रॅम वाढतात, ते वाढू द्या.

तिसऱ्या पर्यायात ही भानगड मुळातच नाही. १९९९मध्ये माविकने मिशलँ आणि हचिन्सन यांच्याबरोबर यूएसटी ही ट्यूबलेस पद्धत आणली तेव्हाची कल्पना हीच होती: टायर बसतो तो तळ अखंड ठेवायचा. माविकने भोक फक्त खालच्या, म्हणजे चाकाच्या मध्याकडच्या भिंतीला पाडून त्यातच आटे बसवले. फुलक्रम आणि कॅम्पॅग्नोलो यांनी वेगळी युक्ती काढली: निपल व्हॉल्व्हच्या भोकातून आत सोडायचा आणि चुंबकाने ओढत त्याच्या भोकापर्यंत न्यायचा. शिमानोच्या जुन्या एक्सटीआर चाकांचाही तळ असाच बंद होता. टेप नाही म्हणजे गळायला जागा उरते ती फक्त व्हॉल्व्हच्या रबरापाशी. टायर काढला, फडक्याने रिम पुसली, दुसरा चढवला, सीलंट ओतलं, झालं. हवा रात्रभर जागच्या जागी.

याचे तोटे लपवत नाही. अशी रिम बहुधा सुटी मिळत नाही, पूर्ण चाकच घ्यावं लागतं, म्हणजे आवडता हब (चाकाचा मधला फिरता भाग) विसरायचा. स्पोक बहुतेकदा त्या चाकाचेच खास असतात. तुटला तर कोणाच्याही खोक्यातला उसना घेऊन काम भागत नाही. वापरलेली जुनी जोडी स्वस्तात मिळाली तरी तिची आतली रुंदी आधी मोजा, कारण त्या काळच्या बऱ्याच रिम १९-२० मि.मी.च्या आहेत आणि त्यावर आजचा टायर वळणात लोळतो. काट्यावरही त्या सर्वांत हलक्या नसतात. कार्बनमध्ये बंद तळ हवा असेल तर निवड आणखी कमी होते.

मी सध्या बंद तळाच्या अ‍ॅल्युमिनियम चाकांवर रेस करतो. माझ्या कार्बन जोडीपेक्षा ती थोडी जड आहेत, आणि चढावर मला तो फरक कधी ओळखता आलेला नाही. पण तुमची सवय वेगळी असू शकते. हंगामभर एकच टायर ठेवत असाल, टेपला कोणी हातच लावणार नसेल, तर टेपवाली अ‍ॅल्युमिनियम रिम, पुढे हलकी आणि मागे एक पायरी भक्कम, यात काहीच कमी नाही. उरलेले पैसे चांगल्या टायरला लावा. चाकं बांधायची आवड असेल, हब आपल्या मनाचा हवा असेल, तर कार्बन आणि पितळी निपल. टायर वरचेवर बदलत असाल तर मात्र बिनटेपची जोडी एकदा हाताळून पाहा, आणि घेतलीत तर त्याच वेळी पुढच्या-मागच्या, डाव्या-उजव्या लांबीचे दोन-दोन स्पोक आणि त्यांची चावीही मागवून ठेवा. मॉडेल बंद झालं की ते शोधत बसावं लागतं.