जुन्या लॅपटॉपवर कुठला कर्नल? नेटबुक, कोर २ ड्युओ आणि तिसऱ्या पिढीचा आय-५

विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली आणि घरात पडून असलेल्या लॅपटॉपचं काय करायचं, हा प्रश्न कोल्हापुरात बऱ्याच जणांपुढे आला. राजारामपुरीत दुकानात विचारा, नाहीतर ओळखीच्या इंजिनिअर पोराला विचारा, सल्ला ठरलेला: मशीन जुनं आहे, जुनंच काहीतरी टाका, नवीन जड होतंय. डेस्कटॉपच्या बाबतीत हे खरं आहे, ब्राउझरच्या बाबतीत तर शंभर टक्के. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या बाबतीत मात्र मला ते अजिबात पटत नाही.

विंडोजऐवजी टाकता येते ती मोफत ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे लिनक्स. तिच्या कर्नलमध्ये हजारो ड्रायव्हर, म्हणजे वेगवेगळे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, असले तरी मेमरीत येतात ते तुमच्या मशीनला लागणारेच. शिवाय ६.१ या आवृत्तीत (डिसेंबर २०२२) रॅम भरत आली की आतलं आधी काय बाहेर काढायचं, हे ठरवायची नवी पद्धत आली. तिचा उपयोग जास्त होतो तो कमी रॅमच्या मशीनलाच.

त्यामुळे मशीन किती सालचं यापेक्षा आत प्रोसेसर कुठला आहे ते आधी बघा. पेनड्राइव्हवरून कुठलंही लिनक्स चालू करा, टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' (lscpu) ही आज्ञा द्या. दुसऱ्याच ओळीत ३२-बिट आणि ६४-बिट दोन्ही दिसलं तर नव्या कर्नलचा मार्ग मोकळा. नुसतं ३२-बिट दिसलं तर गोष्ट वेगळी. नेटबुक, म्हणजे ते छोटे लॅपटॉप, ३२-बिटच असतात, असंही धरून चालू नका. इंटेलचा ॲटम एन-२७० हा ३२-बिट आहे, पण दिसायला तसल्याच नेटबुकमधला एन-४५० चिप ६४-बिट चालवतो.

सगळ्यात जास्त घोळ कोर २ ड्युओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरवाल्यांचा होतो, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर. विंडोज ११ चा विचार इथं सोडूनच द्या. २४एच२ या आवृत्तीपासून त्याला 'पॉपसीएनटी' आणि 'एसएसई ४.२' या सूचना प्रोसेसरमध्येच लागतात. कोर २ मध्ये त्या नाहीत, त्यामुळे इंटरनेटवर सांगतात ती कुठलीच युक्ती चालत नाही, मशीन बूटच होत नाही. आता उरतं लिनक्स, आणि त्यातही जुना कर्नल की नवा.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्याच त्रुटी बाहेर आल्या. एप्रिल २०१८ मध्ये इंटेलनं कोर २ च्या पेनरिनसारख्या चिपना मायक्रोकोडची (चिपच्या आतल्या प्रोग्रामची) दुरुस्ती देणार नाही, असं जाहीर केलं. म्हणजे बनवणाऱ्यानंच हात वर केले. आता जे काही संरक्षण आहे ते कर्नलकडून, आणि ते ताजं राहतं अपडेट येत असलेल्या कर्नलमध्ये. जुना कर्नल घेऊन बसलात तर त्या चिपला वाली कोण?

याची किंमत मोजावी लागते, हे मान्य. मेल्टडाउन रोखण्यासाठी कर्नल स्वतःची पानांची तक्ती (मेमरीत काय कुठं आहे याची नोंद) प्रोग्रामपासून वेगळी ठेवतो आणि आतबाहेर करताना दर वेळी ती बदलतो. तिसऱ्या पिढीच्या आय-५ मध्ये 'पीसीआयडी' नावाची सोय असल्यामुळे प्रोसेसरला पत्त्यांची साठवण दर वेळी पुसावी लागत नाही. कोर २ मध्ये ती सोय नाही, म्हणून पुसणं आलंच. हजारो छोट्या फाइल उलगडताना किंवा पॅकेजेस बसवताना हा फरक कळतो. टायपिंग, पीडीएफ, साध्या हिशेबाच्या शीटमध्ये कळत नाही. कर्नल ५.२ पासून बूट करताना 'मिटिगेशन्स=ऑफ' (mitigations=off) लिहून हे सगळं संरक्षण एका दमात बंद करता येतं. ज्या मशीनवर बँकेचं पान उघडतं तिथं कृपा करून हे करू नका, कारण ब्राउझर दिवसभर परक्यांचाच कोड चालवत असतो.

माझं मत स्पष्ट आहे: कोर २ ला डेबियन १३ हे लिनक्स, म्हणजे ६.१२ कर्नल, आणि वर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप. डेबियनची ६४-बिट आवृत्ती अजून मूळच्या ६४-बिट चिपवरही चालते. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ मात्र कोर २ वर चालत नाही, आणि रेड हॅट १० ला हॅसवेलच्या, म्हणजे २०१३ च्या आसपासच्या चिपमधल्या सूचना लागतात. लिनक्स आहे म्हणून कुठलंही उतरवलं, असं करू नका.

एक अडचण खरी आहे. लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं जुनं, '३४०' मालिकेचा ड्रायव्हर लागणारं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्या ड्रायव्हरची देखभाल २०१९ अखेर संपली आणि नव्या कर्नलशी त्याचं जमत नाही. तिथं 'नूव्हो' हा मुक्त ड्रायव्हर वापरून बघा. नुसतं इंटेलचं ग्राफिक्स असेल तर चिंता नको.

तिसऱ्या पिढीच्या आय-५ बद्दल फार लिहायची गरजच नाही. डेबियन, मिंट, उबंटू, यांतलं काहीही नवं टाका. विंडोज ११ तिथं अधिकृत नाही, त्याची यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. टॅली, जीएसटी आणि डिजिटल सहीचं काम त्याच मशीनवर असेल तर विंडोज लगेच सोडू नका. विंडोज १० ची घरगुती वाढीव अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, तेवढ्यात दुसऱ्या मशीनची सोय बघा.

३२-बिट नेटबुकला मात्र जुन्याकडेच जावं लागतं. डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. डेबियन १२ (कर्नल ६.१) घ्या, त्याची दीर्घकालीन देखभाल जून २०२८ पर्यंत आहे. पहिल्या पेंटियम एम मध्ये 'पीएई' (३२-बिट चिपला जास्त मेमरी वापरू देणारी सोय) असूनही तो ते सांगत नाही. बूट करताना 'फोर्सपीएई' (forcepae) लिहिलं की कर्नल ऐकतो. एन-२७० ला मेल्टडाउनची भीती नाही, कारण तो सूचना क्रमानंच चालवतो, पुढचा अंदाज बांधून धावत नाही. ओपनबीएसडी ही लिनक्सपेक्षा वेगळी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. ते अजून ३२-बिटवर नव्या आवृत्त्या देतं आणि शिकायची हौस असेल तर मी ते मनापासून सुचवीन. पण दोन्हीकडे अडतं ते ब्राउझरशी. क्रोमनं ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं, फायरफॉक्सनं १४४ या आवृत्तीनंतर. असं मशीन मराठी लिहायला, वाचायला ठेवा. इनस्क्रिप्ट कळफलक त्यावर छान चालतो.

उद्यमनगरातल्या कारखान्यात सीएनसीला (प्रोग्रामवर चालणाऱ्या यंत्राला) प्रोग्राम पाठवायला सीरियल पोर्टवाला जुना एक्सपी लॅपटॉप कुणी जपून ठेवला असेल, तर त्याला हात लावू नका. फक्त इंटरनेटला जोडू नका आणि हार्ड डिस्कची प्रत काढून ठेवा.

कर्नल कुठलाही ठरवा, खर्च करायचाच तर आधी साध्या साटा एसएसडीवर करा. बसवण्याआधी पेनड्राइव्हवरूनच वायफाय, ब्राइटनेस आणि झाकण मिटून परत उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे तपासा. ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर फर्मवेअर वेगळं घालावं लागू शकतं. पुढे नवा कर्नल आला की आधीचा लगेच काढू नका. नव्यात काही बिघडलं तर ग्रबच्या, म्हणजे मशीन चालू होताना येणाऱ्या मेनूच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचाच कर्नल निवडून मशीन चालू करता येतं.