गावचा एसबीआर प्लांट, वर्षभर वापरून: पाणी झकास, पॅनेल बिनडोक

एसबीआर म्हणजे सांडपाणी एकाच टाकीत भरायचं, हवा द्यायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचं शुद्ध पाणी सोडायचं, असा फेरा चालवणारा प्लांट. क्षमता, खर्च, टाक्यांची मापं गेटवरच्या फलकावर आहेत, ती परत लिहीत नाही. मला बोलायचंय ते पॅनेलवरच्या हिरव्या बटणाबद्दल.

लाइट गेली की टाकीतल्या जिवाणूंना हवा देणारा ब्लोअर बंद पडणार, कबूल. पण लाइट आल्यावरही तो आपला गप्पच! कोणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत हवा नाही. आमच्याकडे रात्री लाइटचा काय खेळ चालतो ते सांगायला नको. ऑपरेटर म्हणजे पंचायतीचा पाणी सोडणारा माणूस, तो उजाडल्यावर येणार. विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटारीला अख्खं गाव ऑटो (लाइट आली की आपोआप चालू करणारा स्टार्टर) लावतं आणि लाखोंच्या या प्लांटला तो नाही.

पावसाळ्यात वास सुटला तेव्हा माझं मत झालं होतं की खेड्यात ही थेरं नकोतच, शोषखड्डे बरे. कंपनीचा माणूस आला, ‘जिवाणू कमी पडलेत, कल्चर टाका’ म्हणाला आणि पिशव्यांचं बिल लावून गेला. कल्चर टाकूनही वास तसाच. मग ऑपरेटरला वहीत लाइट गेल्याच्या वेळा लिहायला लावल्या. वास यायचा तो नेमका रात्री लाइट गेलेल्या सकाळी. जिवाणू होतेच हो, त्यांना हवा नव्हती. त्यातही अमोनिया खाणारे भलते नाजूक. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो आणि ते एकदा मेले की सावकाश वाढतात. विकतच्या भुकटीने काय होणार?

कंपनीचं म्हणणं, लाइट येताना व्होल्टेज वरखाली होतं म्हणून मुद्दाम हाताने चालू करायचं ठेवलंय. मुद्दा अगदीच खोटा नाही. पण त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज नसला तर मोटार चालू न होऊ देणारा) आणि टायमर असतो ना! शेवटी गावातल्याच मोटार भरणाऱ्याने दोन्ही बसवून दिलं, कल्चरच्या एका पिशवीपेक्षा स्वस्तात. आता लाइट आल्यावर थोडं थांबून ब्लोअर आपोआप सुरू होतो. कंपनी लगेच ‘वॉरंटी जाईल’ म्हणाली. जाऊ दे.

तेव्हापासून मत बदललंय. लिटरच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन अर्धा तास ठेवलं की गाळ चॉकलेटी, खाली नीट बसलेला आणि वरचं पाणी नितळ. शेवटच्या रिपोर्टात बीओडी, म्हणजे पाण्यात उरलेली घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन, लिटरला दहा मिलिग्रॅमच्या आत आला. आमच्यासारख्या ठिकाणी २०१७ च्या अधिसूचनेप्रमाणे तीसपर्यंत चालतो. ओढ्याकडेच्या हत्तीघासाला हेच पाणी जातं.

तरी ज्यांच्या परसात जागा आहे त्यांनी न्हाणीच्या पाण्याला शोषखड्डाच करावा. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये धरलेत, त्यात असा प्लांट होत नाही. आमचा दुसऱ्या निधीतून झाला, कारण गावठाणात घराला घर चिकटलेलं आणि संडासाच्या टाक्या गटारात वाहत होत्या. निधी एकदाच येतो, ब्लोअरचं वीजबिल मात्र दर महिन्याला.

एक दुखणं अजून आहे: लाइट गेली की पॅनेल सगळं विसरतं आणि सायकल, म्हणजे टाकीचा फेरा, पहिल्यापासून, पाणी भरण्यापासून, सुरू करतं. लाइट नसतानाही पॅनेल जागं ठेवणाऱ्या बॅटरीचं कोटेशन बघून सरपंच हसले. देखभालीचा करार ग्रामसभेपुढे येतोय; ही बॅटरी करारात फुकट लिहून दिली तरच माझा हात वर.